दृष्टिहीनांचे संगीतदप्तर

लुई ब्रेल यांनी १८२९ साली पॅरिस येथे जी लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्या लांबलचक नावातच शब्दलेखनाच्या बरोबरीने संगीतलेखनाचा आणि चर्चमधील स्तोत्रगायनाच्या लेखनाचा स्पष्ट निर्देश आहे. परंतु अंधांची वाचनलिपी एवढीच जिची ओळख लोकमानसात रूढ झाली, त्या लिपीच्या जन्मदाखल्यावर संगीताचेही नाव आहे, याची जाणीव सुशिक्षितांतही क्वचितच आढळते. ब्रेल स्वतः ऑर्गनवादक होते, पॅरिसमधील चर्चांतून त्यांनी वादनाची नोकरी केली, आणि ज्या अंधशाळेत ते वयाच्या दहाव्या वर्षी विद्यार्थी म्हणून दाखल झाले व पुढे शिक्षक झाले, तेथे संगीत हे चरितार्थाचे एक प्रमुख साधन मानले जाई. तेव्हा डोळ्यांवाचून संगीत कसे लिहावे आणि लिहिलेले कसे वाचावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला तो पोटापाण्याचा प्रश्न म्हणून. संगीताचे सॉफ्टवेअर दृष्टिहीनांना वापरता यावे म्हणून गेल्या चार दशकांत जे उद्योग झाले, त्यांचा इतिहास सांगू पाहणाऱ्याने आरंभ १८२९ पासून करावा असे माझे मत आहे, कारण त्या सर्व उद्योगांतील निर्णायक पाऊल त्याच वेळी पडलेले होते.

ब्रेल यांच्या आधीही प्रयत्न झाले होते. मारिया टेरेसिया फॉन पाराडिस ही व्हिएन्नाची अंध पियानोवादिका १७८४ साली पॅरिसला आली, तेव्हा अंधांच्या शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या व्हालांतँ आउई यांची आणि तिची भेट झाली. पुढे तिच्यासाठी योहान रीडिंगर यांनी एक फळा तयार केला, ज्यावर खुंट्या लावून तिला आपली रचना नोंदवता येई आणि मग दुसरा कोणी ती कागदावर उतरवून घेई. आउई यांनी पॅरिसला काढलेल्या शाळेत अक्षरेही उठावाची होती आणि संगीताच्या पाच रेघाही उठावाच्या होत्या. ती पुस्तके कष्टाने वाचता येत, परंतु विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने तसे काही लिहिण्याची सोय नव्हती. या सर्व योजनांमागे एकच गृहीत होते, ते असे की डोळस माणसाचे चित्र जसेच्या तसे बोटांना कळेल अशा पदार्थात ओतले म्हणजे काम झाले.

पाश्चात्त्य संगीताची पाच रेघांची लिपी हे मुळात चित्रच आहे. स्वर उंच असला तर त्याची खूण वर, खालचा असला तर खाली. दोन स्वर एकाच क्षणी वाजायचे असले तर ते एकाखाली एक. आणि डावीकडून उजवीकडे काळ वाहत जातो, असा तो आलेख डोळ्याला एका दृष्टिक्षेपात उमगतो. ब्रेल यांनी हे चित्रच सोडून दिले. सहा ठिपक्यांच्या एका घरातील वरचे चार ठिपके कोणता स्वर हे सांगतात आणि खालचे दोन ठिपके त्याचा काळ सांगतात: खालचे दोन्ही नसले तर अष्टमांश, उजवा असला तर चतुर्थांश, डावा असला तर अर्धा, दोन्ही असले तर पूर्ण. सप्तकाची खूण स्वराच्या आधी येते. आणि तीही प्रत्येक वेळी देत नाहीत, मागच्या स्वरापासून पुढचा स्वर फार जवळ असला तर गाळतात, लांबची उडी असली तर देतात, चौथ्या-पाचव्या स्वरावर जायचे असले तर सप्तक बदलते की नाही हे पाहून ठरवतात. स्वराच्या उंचीचा बोध येथे जागेवरून होत नाही, नावावरून होतो. सारे संगीत एका ओळीत, एकामागून एक येणाऱ्या चिन्हांच्या रूपाने, म्हणजे शुद्ध मजकुराच्या रूपाने उभे राहते. आज ज्याला मजकूर-आधारित पद्धत म्हणतात तिचे सारे तत्त्व या एका निर्णयात सामावलेले आहे. फ्रान्सने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली, ब्रेल यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, आणि संगीताच्या चिन्हांविषयी निरनिराळ्या देशांत एकवाक्यता झाली ती १८८८ च्या कोलोन परिषदेत.

या लिपीची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. पियानोवादकाचे दोन्ही हात एकाच वेळी पट्ट्यांवर आणि ठिपक्यांवर असू शकत नाहीत, म्हणून अंध वादक एका हाताने वाचतो, दुसऱ्या हाताने वाजवून पाहतो, मग हात बदलतो, आणि शेवटी सर्व काही मुखोद्गत करून मगच वाजवतो. शिवाय डोळस वादकांना ठिपके वाचता येत नाहीत, त्यामुळे अंध संगीतकाराने लिहिलेली रचना वाद्यवृंदाच्या हाती द्यायची तर मध्ये एक लेखनिक लागे. ठिपक्यांवरून रेघांवर आणि रेघांवरून ठिपक्यांवर तर्जुमा करणाऱ्या या मध्यस्थाच्या सवडीवर आणि समजुतीवर रचनाकाराचे स्वातंत्र्य अवलंबून राही. ही पराधीनता दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

ती दूर करणाऱ्या यंत्राचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या परिसरात झाला, आणि तोही अंधांचा विचार कोणाच्या मनात नसताना. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाकडून ध्वनी निर्माण करवून घेणारी पहिली आज्ञावली लिहिली; न्यूमन गटमन यांची अवघी १७ सेकंदांची एक रचना तिने वाजवली. मॅथ्यूज यांच्या आज्ञावलींची जी मालिका पुढे विस्तारत गेली, तिच्यात वाद्य म्हणजे एक लेखी वर्णन आणि रचना म्हणजे आकड्यांच्या ओळी अशी विभागणी होती: कोणते वाद्य, कोणत्या क्षणी सुरू, किती वेळ, किती जोराने, कोणत्या स्वरावर. पडदा नव्हता, चित्र नव्हते. छिद्रे पाडलेली कार्डे यंत्रात जात आणि फीत बाहेर येई. याच बेल प्रयोगशाळेत १९६१ साली जॉन केली आणि कॅरल लॉखबाऊम यांनी संगणकाला कृत्रिम आवाजात गाणे म्हणायला लावले आणि त्या गाण्याची साथ मॅथ्यूज यांनी बसवली. यंत्राची वाचा आणि यंत्राचे संगीत एकाच घरात, जवळजवळ एकाच वेळी जन्माला आले हा योगायोग मला विलक्षण अर्थपूर्ण वाटतो, कारण अंध संगीतकाराला पुढे ज्या दोन गोष्टींची गरज पडणार होती त्या नेमक्या याच होत्या. मॅथ्यूज यांची परंपरा पुढे बॅरी व्हर्को यांनी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत चालवली आणि १९८६ च्या सुमारास सी-साउंड ही आज्ञावली तयार केली; ती आजही वापरात आहे आणि तिचे मूळ दप्तर आजही साध्या अक्षरांचेच आहे.

यानंतरचा काळ मी सुवर्णकाळ म्हणेन. १९८० च्या दशकात जे छोटे संगणक घरोघरी आले, त्यांचा पडदा म्हणजे २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरांची घरे. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे याची नोंद यंत्राच्या स्मृतीत जशीच्या तशी असे, आणि ती नोंद उचलून बोलक्या यंत्राकडे पाठवणे हे काम फारसे अवघड नव्हते. मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे टेड हेन्टर यांची दृष्टी १९७८ साली एका अपघातात गेली. त्यांनी पुढे भागीदारीत काढलेल्या संस्थेने १९८९ साली जॉज हा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर बाजारात आणला. त्याच काळात ग्रेग हेन्डरशॉट यांचे केकवॉक हे संगीताचे सॉफ्टवेअर १९८७ पासून उपलब्ध होते. १९८३ साली ठरलेल्या मिडी या संकेतप्रणालीमुळे कळफलकावर वाजवलेला प्रत्येक स्वर आकड्यांच्या रूपाने संगणकात नोंदवता येऊ लागला होता, आणि केकवॉक ती सारी नोंद एका यादीत दाखवी: अमुक मात्रेवर, अमुक स्वर, अमुक जोराने, अमुक काळ. दृष्टिहीन वादक ही यादी बाणाच्या कळीने खाली-वर ऐकत जाई, चुकलेल्या स्वरावर थांबे, आकडा बदले आणि पुढे जाई. डोळस सहकाऱ्याच्या पडद्यावर जे असे तेच त्याच्या कानात असे. कोणी त्याच्यावर मेहेरबानी म्हणून ही सोय केलेली नव्हती. यंत्र गरीब होते आणि अक्षरांखेरीज त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हते, म्हणूनच ही समानता आपोआप आली होती.

यंत्र श्रीमंत झाले आणि ती समानता गेली. विंडोजची तिसरी आवृत्ती १९९० साली आली तेव्हा पडदा अक्षरांचा राहिला नाही, रंगीत बिंदूंचा झाला. संगीताच्या सॉफ्टवेअरने तर या नव्या सामर्थ्याचा मनमुराद उपयोग करून स्टुडिओतील सरकत्या खुंट्या, गोल बटणे, ध्वनीच्या लहरींचे आलेख या सर्वांची चित्रे पडद्यावर मांडली आणि ती माऊसने ओढण्याची व्यवस्था केली. स्क्रीन रीडरला या बिंदूंत वाचण्याजोगे काहीच सापडेना. आउई यांच्या उठावाच्या रेघांमागे जे गृहीत होते, त्याचीच ही पुनरावृत्ती होती, फरक इतकाच की या वेळी उठावाच्या रेघाही नव्हत्या. ही तटबंदी फोडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत स्वतः अंध संगीतकार असलेले बिल मॅकॅन यांचा मान मोठा आहे. त्यांनी १९९२ साली डान्सिंग डॉट्स ही संस्था स्थापली, रेघांची लिपी ठिपक्यांत उतरवणारे गुडफील हे सॉफ्टवेअर आणले आणि केकवॉकला बोलते करणाऱ्या पूरक आज्ञा पुरवल्या. परंतु दुसऱ्याच्या मालकीच्या इमारतीत घातलेला हा जिना होता. केकवॉक गिब्सन कंपनीकडे गेले, २०१७ साली त्या कंपनीने त्याचे काम थांबवले, पुढे ते दुसऱ्या कंपनीकडे गेले. अशा प्रत्येक स्थित्यंतरात अंध वापरकर्त्याच्या वर्षानुवर्षांच्या सवयीची किंमत कोणाच्याही हिशेबवहीत नसते.

दुसरा मार्ग ज्यांनी काढला त्यांच्यात पुण्याच्या एका सुपुत्राचे नाव अग्रभागी आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा; काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली; वाडिया महाविद्यालयात गणित आणि पवईच्या आय.आय.टी.त गणित व संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९९४ साली त्यांनी गणिताची सूत्रे आवाजाच्या चढउतारांनी वाचून दाखवणाऱ्या पद्धतीवर प्रबंध लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांनी इमॅक्सपीक हे सॉफ्टवेअर मुक्तपणे प्रसिद्ध केले. त्यांचा विचार मूलगामी होता. स्क्रीन रीडर पडद्यावरचे अक्षर वाचतो, पण पडद्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. दिनदर्शिका समोर असली तर तो आकड्यांच्या रांगा वाचत सुटतो, वार कोणता हे ऐकणाऱ्याने मोजून काढायचे. रामन यांचे म्हणणे असे की जी आज्ञावली ते पान तयार करते तिलाच त्याचा अर्थ माहीत असतो, तेव्हा तिलाच बोलू द्यावे. इमॅक्स हे मुळात मजकूर संपादनाचे साधन. त्याच्यात पत्रव्यवहार, आज्ञालेखन, हिशेब असे सर्व व्यवहार अक्षरांनीच होतात, आणि इमॅक्सपीकने त्या साऱ्या व्यवहाराला वाचा दिली. रामन यांनी हे संगीतकारांसाठी केले नव्हते. परंतु ज्या कोणाचे संगीत मजकुराच्या रूपात असेल त्याला हे दालन खुले झाले.

आणि संगीत त्याच सुमारास पुन्हा मजकुराच्या रूपात येऊ लागले होते. क्रिस वॉल्शॉ यांची एबीसी पद्धत लोकगीतांच्या चाली साध्या रोमन अक्षरांत टिपण्यासाठी होती. मोठे अक्षर खालच्या सप्तकाचे, लहान अक्षर वरच्याचे. १९९६ साली हान-वेन न्यिनहाउस आणि यान न्यिउवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी लिलीपाँड या मुक्त सॉफ्टवेअरचे काम हाती घेतले. रचनाकार स्वराचे अक्षर लिहितो, पुढे काळाचा आकडा लिहितो, सप्तक चढवायचे असले तर एक चिन्ह आणि उतरवायचे असले तर दुसरे चिन्ह जोडतो; सॉफ्टवेअर त्यावरून उत्तम जुन्या खोदकामाच्या तोडीचे पाच रेघांचे पान छापून देते. या दोघांचा हेतू सुंदर छपाईचा होता. परंतु परिणाम असा झाला की जो लेखनिक अंध संगीतकाराच्या आणि वाद्यवृंदाच्या मध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ उभा होता, त्याची जागा एका यंत्राने घेतली. हे यंत्र कंटाळत नव्हते, चुकीचा अर्थ लावत नव्हते, आणि रचनेची पहिली प्रत रचनाकाराच्याच हातची राहू देत होते.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही तसेच घडले. फिनलंडचे काई वेहमानेन यांनी लिनक्ससाठी इकासाउंड लिहिले. त्यात कोणता ध्वनी कोठून घ्यायचा, कोणत्या संस्कारांतून न्यायचा आणि कोठे पोहोचवायचा हे सारे एका ओळीत हुकुमाच्या रूपाने सांगता येते, आणि ती सारी मांडणी साध्या मजकुराच्या फाइलीत जतन होते. याच पायावर जोएल रॉथ यांनी नामा हे अनेक पदरी ध्वनिमुद्रणाचे साधन उभारले. त्यात ‘ॲड-ट्रॅक’ आणि पुढे वाद्याचे नाव लिहिले की नवा पदर तयार होतो, ‘रेक’ म्हटले की तो मुद्रणासाठी सज्ज होतो, ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ यांचा अर्थ सांगावा लागत नाही, ‘व्हॉल’पुढे आकडा लिहिला की आवाज कमीजास्त होतो. डोळस अभियंता खुंटी ओढतो तेव्हा ती नेमकी कोठे थांबली हे त्यालाही डोळे बारीक करून पाहावे लागते; येथे आकडा आकडाच असतो, आणि उद्या तोच आकडा पुन्हा लिहिता येतो, दुसऱ्या गावच्या मित्राला पत्राने कळवताही येतो.

एक अडचण मात्र या मार्गावरही आहे, आणि ती डोळस माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. यंत्राचा आवाजही कानातच येतो आणि संगीतही कानातच येते. सुरांचा बारकावा ऐकत असताना मध्येच एक कृत्रिम आवाज ओळ क्रमांक आणि मात्रा सांगू लागला तर दोहोंचाही विचका होतो. काही वादक बोलणाऱ्या आवाजासाठी वेगळे ध्वनियंत्र जोडून तो एकाच कानाला लावतात आणि दुसरा कान संगीताला मोकळा ठेवतात. दुसरा उपाय बोटांचा. निखिल नायर यांनी १९९५ साली सुरू केलेले आणि पुढे इतरांनी वाढवलेले बीआरएलटीटीवाय हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सच्या अक्षरपडद्यावरील ओळ ब्रेल डिस्प्लेवर उमटवते. छोट्या खुंट्या वर-खाली होऊन बोटाखाली ती ओळ उभी राहते, कान पूर्णपणे संगीताकडे राहतो. १८२९ चे ठिपके येथे पुन्हा संगीताच्या कामाला आले, आणि मला वाटते हाच उपाय अधिक श्रेयस्कर आहे. परंतु ब्रेल डिस्प्ले हे महागडे यंत्र असल्याने आपल्या देशातील बहुसंख्य अंध कलावंतांच्या आवाक्याबाहेर ते आजही आहे.

चित्रांच्या पडद्यावरही अलीकडे अक्षरांचा अंमल पुन्हा बसू लागला आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह हे दोन ऑस्ट्रेलियन तरुण, दोघेही अंध, बालपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात भेटले. करन यांनी २००६ साली एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला आणि टेह त्यात सामील झाले. पुढे टेह यांनी रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसाठी ओसारा ही मुक्त पुरवणी लिहिली, जिच्यामुळे पडद्यावर चित्राने जे घडते ते प्रत्येक वेळी शब्दांत सांगितले जाते: कोणता पदर, किती मात्रा, आवाज किती. जे वापरतात तेच ती घडवतात, म्हणून सांगायचे काय आणि गाळायचे काय याचा विवेक तिच्यात दिसतो.

आपल्याकडे या प्रश्नाचे स्वरूप निराळे राहिले, कारण आपले संगीत गुरुमुखातून आले आणि अंध गायकाला कागदाची उणीव तितकीशी भासली नाही. तरीही जेव्हा आपण संगीत लिहू लागलो तेव्हा ते चित्राने लिहिले नाही, अक्षरांनी लिहिले. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याच्या अपघाताने इजा झाली होती. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या या पुरुषाने जी स्वरलिपी प्रचारात आणली तीही सा-रे-ग-म या अक्षरांचीच होती, आणि संगीतशास्त्रकार भातखंड्यांचीही अक्षरांचीच. दोघांचे मतभेद खुणांपुरते: मंद्र सप्तकाचा बिंदू पलुस्कर स्वराच्या वर देतात, भातखंडे खाली देतात. तरीही या दोन्ही लिप्यांत चित्राचा अंश उरलाच आहे. बिंदू वर की खाली, भातखंडे पद्धतीतील कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ, आणि स्वरांच्या ओळीखाली मात्रामात्रेशी जुळवून छापलेले बंदिशीचे शब्द, या गोष्टी जागेवर अवलंबून आहेत. त्या साध्या मजकुरात टिकत नाहीत आणि यंत्राच्या आवाजात उच्चारल्या जात नाहीत.

एनव्हीडीएबरोबर येणारे ईस्पीक हे मुक्त वाचायंत्र देवनागरी मराठी वाचते. तेव्हा सप्तकाची आणि कोमल-तीव्राची खूण ब्रेल यांच्या रीतीने स्वराच्या आधी एखाद्या अक्षराने द्यावी, शब्दांची ओळ लिलीपाँडच्या रीतीने वेगळी लिहून ती स्वरांशी जुळवण्याचे काम आज्ञावलीवर सोपवावे, आणि डोळस वाचकासाठी त्याच फाइलीवरून भातखंडे पद्धतीचे पान छापून घ्यावे, एवढी तजवीज झाली तर अंध विद्यार्थी बंदिश स्वतः वाचू शकेल, स्वतः लिहू शकेल आणि डोळस गुरूला लेखी दाखवूही शकेल. आरंभ भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेपासून करावा. तिचे सहा भाग आहेत, बंदिशींचा साठा अफाट आहे, आणि भातखंडे १९३६ साली निवर्तल्यामुळे त्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपलेली आहे; पहिल्या भागातील बंदिशी कोणत्याही संगीत विद्यालयाच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वाटून घेतल्या तर एका सत्रात मजकुरात उतरतील.